शक्तिमापक पायडल आणि पांदण

सायकलीच्या ज्या भागावर पाऊल ठेवून आपण ती चालवितो, त्यास मराठी भाषिक 'पायडल' म्हणतात. इंग्रजीतील 'पेडल' हा शब्द लॅटिनमधील पावलाचा वाचक जो 'पेस्, पेडिस्', त्यापासून आलेला आहे. आणि हा लॅटिन शब्द व संस्कृतातील 'पाद' हे दोन्ही एकाच भारोपीय मूळ शब्दाचे वंशज आहेत. संस्कृत 'पाद' प्राकृतातून मराठीत 'पाय' होऊन आला. तेव्हा आमच्या सायकल दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनी 'पेडल'चे 'पायडल' केले, त्या वेळी हजारो वर्षांपूर्वी दुरावलेल्या दोन भावंडांची त्यांनी नकळत गाठ घालून दिली. लोकव्युत्पत्ती बहुधा फसवी असते. येथे मात्र ती योगायोगाने खरी ठरली आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय ही व्युत्पत्ती नव्हे. गेल्या दहाबारा वर्षांत पायडलाच्या आत शक्ती मोजणारे एक सूक्ष्म उपकरण बसविण्यात आले आहे. ते मुख्यतः डांबरी रस्त्यावरील शर्यतींसाठी घडविले गेले. आणि आता डोंगरातील व मुरमाच्या वाटांवरील सायकलस्वार ते आपल्याकडे वळवून घेत आहेत. हे वळवून घेणे कसे होते, त्यात कोणती अडचण येते आणि वळवून घेतलेल्या उपकरणाने सांगितलेल्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवावा, एवढेच येथे सांगावयाचे आहे. भाषेच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे, की या आकड्याविषयी होणारे निम्मे गैरसमज यंत्रातून नव्हे, तर शब्दांतून उत्पन्न होतात. परिभाषेची परीक्षा कोशात होत नसते. एखादी वस्तू तिच्या साहाय्याने दुसऱ्यास समजावून देता येते की नाही, येथे ती होते.

प्रथम शब्दांचाच विचार करू. बोलण्यात आपण 'जोर', 'ताकद', 'दम', 'शक्ती' हे शब्द बरेचसे एकमेकांच्या जागी वापरतो. 'चढावर फार शक्ती लागली' असे म्हणताना पायाला पडलेला ताण, एकंदर झालेले श्रम आणि ते श्रम किती घाईने करावे लागले, या तिन्ही गोष्टी आपण एका शब्दात कोंबतो. शालेय भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांनी त्या निरनिराळ्या केल्या आहेत. पायडल ज्याने दाबले जाते ते बल; त्या बलाने वस्तू जितकी सरकते त्यावरून ठरते ते कार्य; आणि ते कार्य दर सेकंदास किती झाले ते सांगते ती शक्ती. 'अश्वशक्ती' या जुन्या शब्दात हा अर्थ अचूक उतरला आहे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट.

सायकलीवर हा भेद किती महत्त्वाचा आहे, ते एका हिशेबाने स्पष्ट होईल. पायडलाचा दांडा, म्हणजे क्रँक, १७० मिलिमीटर लांबीचा आहे आणि स्वार २०० वॅट शक्ती लावीत आहे असे धरू. दर मिनिटास ९० फेरे या गतीने त्याचे पाय फिरत असतील, तर फिरण्याच्या दिशेने त्यास सरासरी सुमारे १२५ न्यूटन, म्हणजे जवळजवळ पावणेतेरा किलो वजनाइतके बल लावावे लागेल. तेच पाय मिनिटास ६० फेरे घेऊ लागले तर बल सुमारे १८७ न्यूटन, म्हणजे १९ किलो वजनाइतके होईल. शक्ती दोन्ही वेळी तीच. गुडघ्यांना विचाराल तर मात्र ती तीच नाही. याच्या उलट उदाहरणही घेता येईल. उतारावर स्वार दोन्ही क्रँक आडवे ठेवून पायडलांवर उभा राहतो. त्याचे सारे वजन पायडलांवर असते, मांड्या भरून येतात, परंतु उपकरण शून्य वॅट दाखविते. ते बिघडलेले नसते. बल आहे, फिरणे नाही. म्हणून शक्ती नाही. 'एवढा जोर लावला आणि यंत्राने दखलही घेतली नाही,' ही तक्रार जो समजून घेईल, त्यास पुढील सर्व विवेचन सुगम वाटेल.

आता यंत्राच्या अंतरंगाकडे वळू. पायडलाचे मुख्य भाग दोन. एक त्याचा आस, जो क्रँकमध्ये आट्यांनी घट्ट बसतो. डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात, हे कोणताही कारागीर सांगेल. दुसरा भाग म्हणजे ज्यावर पाऊल टेकते ती बैठक. ही बैठक छर्ऱ्यांच्या आधाराने आसाभोवती मोकळी फिरते. क्रँकबरोबर आस फिरतो. बैठक पावलाबरोबर जवळजवळ आडवीच राहते. पाऊल दाबले की बल बैठकीतून छर्ऱ्यांत, छर्ऱ्यांतून आसात आणि आसातून क्रँकमध्ये जाते. या वाटेत आस किंचित वाकतो. हे वाकणे डोळ्यांना दिसणारे नव्हे. धातूच्या पृष्ठभागाची लांबी अत्यंत थोडीच बदलते. परंतु त्या पृष्ठभागावर धातूची एक अत्यंत पातळ नागमोडी पट्टी चिकटविली असेल तर तीही तेवढीच ताणली जाते आणि तिचा विद्युत रोध बदलतो. हा बदल मोजला की वाकणे कळते आणि वाकण्यावरून बल कळते. अशा विकृतिमापक पट्टीची कल्पना १९३८ साली अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांना स्वतंत्रपणे सुचली. रोधातील इतका सूक्ष्म फरक टिपण्यासाठी जी चार भुजांची मांडणी योजतात, ती व्हीट्स्टन सेतू या नावाने एकोणिसाव्या शतकापासून प्रसिद्धच आहे.

सायकलीवर ही पट्टी प्रथम पायडलात आली नाही. जर्मनीतील उलरिख शोबरर यांनी १९८६ साली ती क्रँकच्या मध्यभागी बसविली, आणि त्यांच्या एस्आर्एम् या उपकरणापासून सायकलस्वारांच्या शक्तिमापनाचा आरंभ झाला असे मानतात. पायडलात ती येण्यास बराच काळ लागला, कारण तेथे जागा फार थोडी. गार्मिन कंपनीचे व्हेक्टर हे पायडल २०१३ मध्ये आले, आणि इटलीतील फावेरो या कंपनीचे असिओमा २०१७ मध्ये. ही फावेरो कंपनी मुळात तलवारबाजीच्या सामन्यांतील गुण नोंदविणारी विद्युत्‌यंत्रे बनविणारी. स्पर्शाचा क्षण टिपणाऱ्यांनी पावलाचा दाब टिपावयास घ्यावा, यात एक प्रकारची संगती आहे.

पट्टी बल सांगते. परंतु त्यातील उपयोगी भाग कोणता, हे ठरविण्यास आणखी काही लागते. पाऊल पायडल खाली दाबते, कधी पुढे रेटते, कधी क्रँकच्याच दिशेने ओढते. यांपैकी फिरण्याच्या दिशेतील बल तेवढे कामी येते, बाकीचे क्रँकला नुसते ताणते. आस क्रँकबरोबर फिरत असल्याने आसावरील पट्ट्या क्रँकशी कोणता कोन करून बसल्या आहेत, हे उपकरणास ठाऊक असावे लागते. मग त्या बलास क्रँकच्या लांबीने गुणून परिबल मिळते, आणि परिबलास कोनीय वेगाने गुणून शक्ती. क्रँकची लांबी उपकरणास आपण सांगावयाची असते. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर चुकून १७५ नोंदविले, तर प्रत्येक आकडा सुमारे तीन टक्क्यांनी फुगतो. आणि सर्व आकडे सारखेच फुगत असल्याने ती चूक महिनोन्‌महिने ध्यानात येत नाही.

येथवर सांगितलेले सर्व डांबरी रस्त्यास लागू आहे. आता शहापूरच्या परिसराची कल्पना करावी. नागपूर-भंडारा महामार्ग सोडून आपण कोणत्याही बाजूस उतरलो की काही अंतरावर डांबर संपते आणि पांदण लागते. 'पांदण' हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. इंग्रजीत ज्या सायकलीला 'ग्रॅव्हल' सायकल म्हणतात, तिच्या नावाला मराठी प्रतिशब्द शोधू गेल्यास आपली मोठी कुचंबणा होते. फोडलेल्या दगडाला पश्चिमेकडे खडी म्हणतात, आमच्याकडे गिट्टी. आपोआप सुटणारा तांबूस भुगा तो मुरूम. नदीतली ती रेती. ही सर्व द्रव्यांची नावे झाली. सायकलस्वाराला द्रव्याशी कर्तव्य नाही, त्याला वाटेशी कर्तव्य आहे. आणि शेतांमधून जाणाऱ्या कच्च्या गाडीवाटेला वैदर्भी शब्द आहे पांदण. महाराष्ट्राच्या इतर भागांत तीच 'पाणंद'. राज्य शासनाच्या २०२१ च्या शेतरस्त्यांच्या योजनेच्या नावात 'पाणंद' हेच रूप आहे. दोन्ही रूपे शेजारी ठेवली की वर्णविपर्यय उघड दिसतो. तेव्हा 'ग्रॅव्हल सायकल' या लांबलचक शब्दाऐवजी 'पांदणी सायकल' म्हणावे, अशी माझी सूचना आहे. ती रुळेल की नाही, हे सायकल चालविणारे ठरवतील.

पांदणीचे गुण जमिनीवर अवलंबून असतात, आणि भंडाऱ्याच्या शेतकऱ्याने जमिनीला नावे देताना फार बारकाई दाखविली आहे. काळी, भारी ती कन्हार. तिच्याहून हलकी ती मोरांड. पिवळसर रेताड ती सिहार. आणि खडकाळ, उथळ ती बरड. आषाढ-श्रावणात कन्हारीवरून गेले की चिखल चाकांना, बुटांना आणि पायडलांना चिकटून बसतो. चैत्र-वैशाखात तीच जमीन भेगाळते आणि वाळलेल्या गाडीचाकोऱ्या दगडासारख्या कठीण होतात. बरडीवर पाणी ठरत नाही, पण खडे उडतात. माजी मालगुजारी तलावांच्या पाळीवरून जाणाऱ्या वाटा त्यातल्या त्यात सुखाच्या. खरे डोंगर येथे थोडे; तुमसरकडे आंबागडच्या बाजूस गेले तर सातपुड्याचे फाटे भेटतात.

अशा वाटेवर शक्तिमापक हवाच कशाला? उत्तर हिशेबातच आहे. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन ताशी १५ किलोमीटर वेगाने सपाटीवरून चालले आहे असे धरू. चांगल्या डांबरावर चाकाच्या घरंगळण्याला होणारा विरोध वजनाच्या अर्धा टक्का धरला, तर त्यावर सुमारे १६ वॅट खर्च होतील. मऊ मुरमावर तो दोन टक्के धरला तर ६५ वॅट. वाऱ्याचा विरोध दोन्हीकडे तेवढाच, साधारण १९ वॅट. म्हणजे एकाच वेगासाठी एकीकडे ३५ आणि दुसरीकडे ८४ वॅट. डांबरावर वेगावरून श्रमाचा अंदाज बांधता येतो. पांदणीवर वेग काहीच सांगत नाही, कारण शंभर पावलांत जमीन तीनदा बदलते. नाडीचे ठोके श्रमाच्या मागून चालतात, आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तर श्रमाइतकेच ते उष्म्यानेही वाढतात. म्हणून ज्या वाटेवर हे उपकरण चालणे सर्वांत अवघड, त्याच वाटेवर त्याची गरज सर्वांत अधिक, असा हा पेच आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही शर्यत एकट्याने पूर्ण केली. त्यापूर्वी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या गटात पूर्ण केली होती. तेव्हापासून आमच्या भागातील तरुणांत दीर्घ पल्ल्याच्या सायकलीविषयी आस्था वाढलेली दिसते. पण ते शर्यतींचे रस्ते डांबराचे. सरावासाठी घराबाहेर पडले की येथे पांदणच भेटते.

अडचण आहे ती बैठकीची. बूट पायडलात अडकवून ठेवण्याचे दोन प्रकार आहेत. फ्रान्समधील लुक कंपनीने १९८४ मध्ये रस्त्यावरील शर्यतींसाठी जो प्रकार आणला, त्यात बुटाच्या तळाला तीन स्क्रूंनी एक रुंद पट्टी बसविलेली असते. ती तळाच्या बाहेर येते, आणि ती घालून चालू लागले की बदकासारखे चालावे लागते. जपानच्या शिमानो कंपनीने १९९० मध्ये डोंगरी सायकलींसाठी दुसरा प्रकार आणला. त्यात दोन स्क्रूंची धातूची लहान पट्टी बुटाच्या तळातील खाचेत लपलेली असते. बूट घालून चालता येते, आणि पायडलाच्या दोन्ही बाजू सारख्या व उघड्या असल्याने चिखल बाहेर ढकलला जातो. ओढा आला, सायकल खांद्यावर घ्यावी लागली, बांध चढावा लागला की या दुसऱ्या प्रकारावाचून गत्यंतर नाही. शक्तिमापक पायडल मात्र आरंभीची अनेक वर्षे बहुतांशी पहिल्याच प्रकारात मिळत.

तेव्हा हौशी कारागिरांनी एक युक्ती काढली. मोजमाप आसात होते, बैठकीत होत नाही. मग आस तोच ठेवून बैठक बदलली तर? असिओमाच्या आसावर दुसऱ्या एका उत्पादकाच्या, डोंगरी पद्धतीच्या बैठकी छर्ऱ्यांच्या मापांसह बसू शकतात, हे लक्षात आले आणि देशोदेशी अनेकांनी तसे करून पाहिले. मूळ बैठक उघडावयाची, आस बाहेर काढावयाचा, नवी बैठक वंगणासह बसवून शेवटचा नट नेमका आवळावयाचा. काम अर्ध्या तासाचे. आमच्या शास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर आस ही प्रकृती आणि बैठक हा प्रत्यय. प्रकृती तीच ठेवून प्रत्यय पालटला. पण प्रत्यय लागताना प्रकृतीचेही सामान्यरूप होते, हे मराठीच्या अभ्यासकास सांगावयास नको. 'घोडा' या शब्दाला 'ला' लागताना 'घोड्या' व्हावे लागते. येथेही तसेच काही घडते, आणि तेच या लेखाचे मर्मस्थान आहे.

आसाचे वाकणे केवळ बलावर अवलंबून नसते. बल जेथे पडते तेथून पट्टीपर्यंतच्या अंतरावरही ते अवलंबून असते. भिंतीत ठोकलेल्या खुंटीला भिंतीजवळ पिशवी अडकविली तर खुंटी कमी वाकते, टोकाला अडकविली तर जास्त, वजन तेच. समजा, मूळ बैठकीत पावलाच्या दाबाचा मध्य पट्टीपासून ५० मिलिमीटरवर होता, आणि नव्या बैठकीत छर्ऱ्यांची किंवा पट्टी अडकण्याची जागा किंचित बाहेर असल्याने तो ५५ वर गेला. तर तेवढ्याच बलाला आस एक दशांश अधिक वाकेल, आणि २०० वॅटच्या जागी उपकरण २२० दाखवील. स्वाराला वाटेल, पांदणीने आपल्याला बळकट केले.

यावर उपाय आहे, आणि तो सुंदर आहे. एका ठिकाणी न मोजता आसावर दोन ठिकाणी मोजावे. दाबाचा मध्य पहिल्या ठिकाणापासून ५० आणि दुसऱ्यापासून ४० मिलिमीटर दूर असेल, तर पहिल्याचे वाकविणारे परिबल बलाच्या ५० पट आणि दुसऱ्याचे ४० पट. वजाबाकी १० पट. आता दाब ५ मिलिमीटर बाहेर सरकला, तर ५५ पट आणि ४५ पट. वजाबाकी पुन्हा १० पटच. म्हणजे दोहोंच्या फरकावरून काढलेले बल दाब कोठे पडला यावर अवलंबून राहत नाही. ज्या पायडलात अशी रचना आहे, त्याची बैठक बदलली तरी अंशांकन फारसे ढळू नये. ज्यात एकाच ठिकाणचे वाकणे मोजले आहे, त्यात ते ढळेल. पण आत कोणती रचना आहे, हे बाहेरून पाहणाऱ्यास कळत नाही. म्हणून परीक्षा घेणे हाच मार्ग.

ती घरच्या घरी घेता येते. सायकल घट्ट उभी करावी, मागील चाक फिरणार नाही असे बांधावे, क्रँक अगदी आडवा ठेवावा, आणि पायडलाच्या बैठकीच्या मध्यावर नेमके तोललेले वजन टांगावे. वीस किलो वजन १७० मिलिमीटरच्या क्रँकवर टांगले तर परिबल ३३.४ न्यूटन-मीटर यावयास पाहिजे. स्थिर परिबल दाखविण्याची सोय अनेक उपकरणांत असते. क्रँक दहा अंशांनी जरी तिरपा असला तरी दीड टक्क्याची चूक होते, तेव्हा पाणसळ लावून पाहावे. बैठक बदलण्यापूर्वी एकदा आणि बदलल्यावर एकदा, अशी ही परीक्षा दोन्ही पायडलांची घ्यावी. जे उपकरण चांगल्या सायकलीच्या किमतीला मिळते, त्यासाठी धान्याच्या काट्यावर तोललेली तांदळाची पिशवी टांगण्याचे कष्ट फार नव्हेत. दोन्ही वेळचे आकडे जुळले तर शंका मिटली. न जुळले तर जुळत नाहीत ते प्रमाण तरी कळले, आणि काही उपकरणांत ते प्रमाण नोंदवून आकडा सुधारताही येतो.

दुसरा परिणाम पायांच्या अंतराचा. असिओमाच्या मूळ आसावर क्रँकपासून बैठकीच्या मध्यापर्यंतचे अंतर ५४ मिलिमीटर आहे. याच कंपनीने २०२१ मध्ये केवळ आस विकावयास काढला, जो शिमानोच्या रस्त्यावरील बैठकीत ग्राहकाने स्वतः बसवावयाचा. त्यात हे अंतर ६५ झाले. प्रत्येक पाय ११ मिलिमीटर बाहेर जाणे कोणाला जाणवत नाही, कोणाच्या गुडघ्याला आठ दिवसांत जाणवते. त्यातून या प्रकारांत इलेक्ट्रॉनिक भाग क्रँकच्या बाजूला एका लहान डबीत असतो. रस्त्यावर तिला काही होत नाही; खडकाळ वाटेवर दगडाचा पहिला फटका तिलाच बसण्याचा संभव. बैठक बदलल्यावर निर्मात्याची हमी टिकेल, असेही गृहीत धरता येत नाही.

कंपन्यांनीही पुढे हा मार्ग स्वतः चोखाळला. एस्आर्एम्‌ने २०२० मध्ये डोंगरी पद्धतीच्या बैठकीचे शक्तिमापक पायडल आणले. गार्मिनने २०२१ च्या रॅली या मालिकेत एकाच आसावर तीन प्रकारच्या बैठकी बसविण्याची सोय दिली. कारागिरांची युक्तीच जणू अधिकृत झाली. फावेरोने २०२४ मध्ये असिओमा प्रो एम्एक्स् काढले, ज्यात बाहेरची डबी नाही आणि सारी यंत्रणा आसाच्या पोटात आहे. आज नवीन घेणाऱ्याने बैठक बदलण्याच्या खटपटीत पडावे असे मला वाटत नाही. परंतु ज्याच्याजवळ जुने असिओमा आहे, किंवा ज्याला ते अर्ध्या किमतीत मिळत आहे, त्याच्यासाठी वरील विवेचन अद्याप उपयोगाचे आहे.

बैठकीचा प्रश्न सुटला तरी वाटेचा प्रश्न राहतोच. डांबरावर पाय एका लयीत फिरतात. पांदणीवर खड्डा आला की थांबतात, चाकोरीतून निघताना एकदम जोर लावतात, बांधाच्या कडेला अर्धाच फेरा मारून मागे येतात. कित्येक उपकरणे एका पूर्ण फेऱ्याचे सरासरी परिबल घेऊन त्यास त्या फेऱ्याच्या सरासरी कोनीय वेगाने गुणतात. यात एक गणिती सापळा आहे. फेऱ्याच्या निम्म्या वेळात परिबल ६० आणि कोनीय वेग ४, उरलेल्या निम्म्या वेळात परिबल २० आणि वेग ८ असे धरू. खरी शक्ती अनुक्रमे २४० व १६०, सरासरी २०० वॅट. परंतु सरासऱ्या आधी काढल्या तर परिबल ४०, वेग ६, गुणाकार २४०. गुणाकारांची सरासरी आणि सरासऱ्यांचा गुणाकार या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते. सायकलस्वाराला मात्र ते पांदणीवरच भोवते, कारण डांबरावर वेग एकसारखा असल्याने दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात. क्षणोक्षणीचा कोनीय वेग मोजून गुणाकार करणारी उपकरणे या दोषापासून बरीच मुक्त असतात. पायडल विकत घेताना रंग आणि वजन यांच्या आधी हे विचारावे.

फेरे मोजण्याच्या साधनातही असाच फरक असतो. काही उपकरणे त्वरणमापकाने, म्हणजे गुरुत्वाकर्षणाची दिशा क्रँकच्या मानाने कशी पालटते त्यावरून, फेरे ओळखतात. वाळलेल्या चाकोरीतील हिसके त्वरणमापकाला गुरुत्वाकर्षणासारखेच भासतात, आणि मग नसलेले फेरे मोजले जातात किंवा असलेले गळतात. घूर्णदर्शी, जो प्रत्यक्ष फिरणेच मोजतो, त्याला हिसक्यांचा उपद्रव पुष्कळ कमी.

एकाच बाजूच्या पायडलात उपकरण असेल तर ते डाव्या पायाचा आकडा दुप्पट करून सांगते. डाव्या पायाचा वाटा १०० पैकी ४८ असलेल्या स्वाराने २०० वॅट लावले, तर त्याला १९२ दिसतील. रस्त्यावर हा वाटा बराचसा स्थिर राहतो, म्हणून चूक चालून जाते. पांदणीवर प्रत्येक अडथळ्यानंतर स्वार आपल्या सवयीच्या पायानेच जोर करतो, आणि वाटा मिनिटागणिक हलतो. कच्च्या वाटेसाठी दोन्ही बाजूंचे पायडल घ्यावे, असे मी म्हणतो ते याच कारणाने.

राहता राहिला उष्मा आणि पाणी. विकृतिमापक पट्टी ज्या धातूवर बसली आहे, तो तापला की प्रसरण पावतो आणि कोणीही न दाबता पट्टी थोडी ताणली जाते. उपकरणात याची भरपाई केलेली असते. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर असताना पंख्याखालच्या खोलीतून सायकल बाहेर काढली, तर आस नव्या तापमानाला येईपर्यंत शून्य ढळलेलेच राहते. दहापंधरा मिनिटे चालवून, खाली उतरून, पायडलांवर काहीही भार नसताना शून्य पुन्हा निश्चित करावे. पाण्याबद्दल या पायडलांवर बहुधा 'आयपी ६७' असा निर्देश असतो. त्याचा अर्थ एवढाच, की एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिले तरी आत पाणी जाऊ नये. धानाच्या बांधीतला चिखल पाण्यासारखा वाहून जात नाही. तो छर्ऱ्यांच्या तोंडाशी बसतो, वाळतो, आणि पुढल्या फेरीत रेतीचे काम करतो. जोराच्या फवाऱ्याने धुण्याचा मोह टाळावा, कारण त्या दाबाची हमी हा निर्देश देत नाही. बादलीतले पाणी, जुने फडके आणि पावसाळ्यात दर काही फेऱ्यांनंतर बैठक उघडून नवे वंगण, एवढे पुरते. क्रँकमधून पायडल काढताना डाव्या बाजूचे आटे उलटे आहेत, हे विसरू नये.